डोंगरावरचं सरपण

आष्टीला परत येऊन महिना झाला. भेटेल तो एकच विचारतो, "बाई, जर्मनीत काय काय पाह्यलं?" राजवाडे पाहिले, जमिनीखालून धावणारी रेल्वे पाहिली, दुकानदार नसलेलं दुकान पाहिलं. हे सांगून झालं की लोक मान हलवतात आणि चहाचा कप खाली ठेवतात, कारण हे सगळं त्यांनी मोबाईलवर आधीच पाहिलेलं असतं. म्हणून ठरवलं, तीन महिन्यांचं गाठोडं सोडायचंच नाही. एकाच दिवसाचं लिहायचं. त्या दिवशी मी डोंगर चढले.

डोंगर चढले म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला जरा समजावून सांगावं लागतं. आमची जमीन काळी आणि सपाट. गच्चीवर उभं राहिलं तर पुढच्या गावची पाण्याची टाकी दिसते, आणि चढ म्हटलं तर नदीवरच्या पुलाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं. सहल बहुतेक जांब समर्थला. एसटीतून उतरायचं आणि पोरांची रांग करून देवळापर्यंत चालायचं. एकदा औरंगाबादच्या बुद्धलेणीला गेले होते. तेवढ्या पायऱ्या चढल्यावर मी स्वतःला डोंगर चढलेली बाई समजत होते.

माझी लेक प्रज्ञा पाच वर्षांपासून म्यूनिकला आहे. मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती कसली तरी तपासणी करते. तीनदा समजावून सांगितलं तिनं, तिन्ही वेळा मी हो म्हटलं. मी निवृत्त झाले आणि तिनं तिकीटच पाठवलं. तिच्या पप्पांनाही बोलावलं होतं, पण त्यांना आष्टी-परतूर एसटीच्या पुढचा प्रवास सोसत नाही. म्हणून मी एकटी गेले. सामानात निम्मं वजन ज्वारीच्या पिठाचं होतं.

प्रज्ञाची घरमालकीण हेल्गा. वय एकाहत्तर, उंच, केस बारीक कापलेले, जिल्हा न्यायालयातून न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेली. ती मला "झुमन" म्हणायची, कारण त्यांच्या जिभेला सुमन जमत नाही. मी तिला हेल्गाबाई म्हणायची. आमच्यात भाषा एकही सामाईक नाही, तरी रोज संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि भाकरी फुगताना बघायची. एका शुक्रवारी ती प्रज्ञाला काहीतरी म्हणाली आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणून राह्यल्या त्या?" मी विचारलं.

"रविवारी डोंगरावर जायचं म्हणून राह्यल्या. तू पण चल म्हणतात. पण मम्मी, तू खालच्या हॉटेलात बस. आम्ही दोघी जाऊन येतो."

"मंग मला नेऊन राह्यल्या कशाला? शोभेला?"

"तुझा गुडघा हाये ना."

"गुडघा माझा हाये. त्याचं मी पाहीन."

इथं आमच्या घरातली चर्चा संपते. प्रज्ञाला ते माहीत आहे.

पायथा

रेल्वेचं सांगत नाही. आली, बसलो, उतरलो. उतरलो तेव्हा समोर डोंगर उभा होता, खालून निम्म्यापर्यंत हिरवागार आणि वर नुसता दगड. त्याचं नाव मी वहीत लिहून घेतलंय, पण मोठ्यानं वाचायला गेले की मधेच दम लागतो. हेल्गाबाईंनी मला दोन काठ्या दिल्या. आमच्याकडे म्हातारपणाला एक काठी पुरते, इथं दोन. मी त्या परत दिल्या. मी पंजाबी ड्रेस घातला होता, पायात नवे बूट, आणि पाठीवर धपाट्यांचा डबा.

वाट सुरू होते तिथं एक छोटं छप्पर होतं आणि त्याखाली फोडलेल्या लाकडांची छातीएवढी रास. एकसारखे हातभर ओंडके, नीट रचलेले. हेल्गाबाई तिथं थांबल्या, पाठीवरची बॅग उतरवली, इकडेतिकडे न बघता तीन ओंडके उचलले आणि बॅगेत घातले.

जन्मभर लोकांना शिक्षा सुनावलेली बाई दिवसाढवळ्या दुसऱ्याचं सरपण चोरून राह्यली होती. मी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग वरच्या घराकडे, मालक कुठून येतोय ते बघायला.

"प्रज्ञे, सांग त्यांना. कोणाचं तरी हाये ते. मालक येईल."

"न्हाई येत कोणी. चल तू पुढं." प्रज्ञा माझा दंड धरून ओढायला लागली.

"अगं पण न विचारता?"

"मम्मी, चल ना. त्यांचं चालूच असतं ते."

तेवढ्यात मागून एक नवराबायको आले, त्यांनीही एकेक ओंडका उचलला. त्यांच्यामागून दोन पोरी आल्या, त्यांनीही. मी काही जागची हलेना. मग प्रज्ञानं नाइलाजानं तिथली पाटी वाचून दाखवली. वर शेवटाला एक धर्मशाळेसारखं घर आहे, जेवणखाण मिळतं. तिथपर्यंत गाडीरस्ता नाही. म्हणून वर जाणाऱ्यानं झेपेल तेवढं लाकूड सोबत न्यावं, म्हणजे चूल पेटती राहील. डॉक्टर असो, कारकून असो, ज्याला जमेल तो नेतो. सक्ती कोणावर नाही.

आता इथं मला एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लहानपणी मी सरपण वेचायला जायची. माझी माय आणि मी, रोज, शाळेच्या आधी. आम्हाला जमीन नव्हती, म्हणून सरपण दुसऱ्याच्या बांधावरचं. हे मी प्रज्ञाला कधीच सांगितलं नव्हतं. तिला आई म्हणजे बाई माहीत, हातात खडू असलेली, गावात सगळे नमस्कार करतात ती. आपल्या लेकीच्या मनात आपलं दुसरं चित्र कशाला, असं मला वाटायचं. स्पष्ट सांगायचं तर लाज वाटायची.

एवढं सगळं असताना मी त्या राशीपुढून पुढं जायला हवं होतं. पण मोह झाला. मालक नसलेलं सरपण मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

ओढणी काढली, पिळा दिला आणि गोल गुंडाळून चुंबळ केली. सात ओंडके निवडले, हेल्गाबाईंच्या बॅगेला लटकलेली दोरी मागून घेतली, मोळी आवळली, गुडघ्यावर घेतली आणि एका हिसक्यात डोक्यावर. विचार करायला वेळच नव्हता. मी उभी राहिले तेव्हा हेल्गाबाईंचं तोंड उघडं होतं आणि प्रज्ञाचं तोंड उतरलेलं.

"मम्मी, खाली ठेव ते."

"का? सगळेच घेऊन राह्यले."

"सगळे एकेक घेऊन राह्यले. बॅगेत." मग तिनं माझ्या डोक्यावरच्या चुंबळीकडे पाहिलं. "तुला हे कसं येतं?"

आता सांगावं की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता, आणि मी तो शाळेतल्या चुकार पोरासारखा सोडवला. "शाळेत नाटक बसवल्तं एकदा," मी म्हटलं, "त्यात होतं."

जंगलातली वाट

पहिला तासभर वाट रुंद आणि चढ बेताचा. दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, खाली मऊ माती. अठ्ठेचाळीस वर्षांत डोक्यावर काही घेतलं नव्हतं, पण मानेला सगळं आठवत होतं. नजर समोर, पाठ ताठ, पाऊल आधी चाचपून मग टाकायचं. गुडघा कुरकुरला नाही. मला इतका आनंद झाला होता की गुणगुणावंसं वाटत होतं, पण बाजूनं प्रज्ञा गप्प चालली होती.

त्या शहरात लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर तो छताकडे बघतो. तीच माणसं डोंगरावर आली की भेटेल त्याला नमस्कार घालतात. देव तुमचं भलं करो, असा काहीतरी त्याचा अर्थ. पहिल्या दोघांना मी नुसती हसले. तिसऱ्याला म्हटलं, "जय भीम." मंग काय, वर जाईपर्यंत प्रत्येकाला जय भीम. एक टोपीवाले आजोबा खाली उतरत होते, ते थांबले आणि प्रज्ञाला त्याचा अर्थ विचारला. तिनं बराच वेळ समजावलं. आजोबांनी टोपी काढली, "जय बीम" म्हणाले आणि पुढं गेले. तेव्हा प्रज्ञा पहिल्यांदा हसली.

पुढं एका उतारावर गाई चरत होत्या. एकेकीच्या गळ्यात तांब्याएवढी घंटा. आमच्याकडे असा आवाज पोळ्याच्या दिवशी बैल सजवले की ऐकू येतो, इथं यांचा बारा महिने पोळा. गाई तर इतक्या धष्टपुष्ट की मी एकीला हात लावून पाहिला. तिनं माझ्या मोळीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्याच उतारावर पाण्याची जागा होती. एक आख्खं खोड कोरून हौद केलेला, आणि वरच्या नळीतून त्यात पाणी पडतंय. हौद भरून वाहतोय, पाणी वाटेवरून खाली चाललंय, आणि माणसं शेजारी बसून शांतपणे पाव खाताहेत. मी मोळी उतरवली आणि तडक नळीपाशी गेले. तोटी सापडेना. खालून हात घातला, मागून पाहिलं, हौदाला एक फेरी मारली.

"मम्मी, काय शोधून राह्यलीस?"

"तोटी. कोणीतरी चालू ठेवून गेलंय बघ."

"तोटी न्हाई त्याला. झरा हाये तो. रात्रंदिवस वाहतो."

आमच्या गल्लीत टँकर आला की हंडे वाजतात, आणि शेवटचा तांब्या कोणाचा यावरून आठवडाभर अबोला चालतो. मला झरा कळत नव्हता असं नाही, भूगोल शिकवलाय मी. पण हात ऐकेना. मी दोन मिनिटं नळीला तळहात लावून उभी राहिले, जीव तुटत होता. हेल्गाबाई माझ्याकडे बघत होत्या. हसल्या नाहीत, नुसती आपली बाटली माझ्यापुढं धरली. मग मी ती भरली.

तिथंच आम्ही जेवलो. त्या लोकांची रीत अशी की प्रत्येकाचा डबा वेगळा आणि ज्याचा त्यानं खायचा. शेजारी बसलेला माणूस उपाशी आहे की जेवलाय, कोणी विचारत नाही. मी धपाट्यांचा डबा मधोमध ठेवला, वर शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. हेल्गाबाईंनी पहिल्याच घासाला धपाट्यावर बोटभर ठेचा घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि पुन्हा ठेच्याकडे हात नेला. बाई मानी होती.

मंग त्यांनी प्रश्न सुरू केले. नोकरी सुटली होती, उलटतपासणी सुटली नव्हती. प्रज्ञा मधे बसून इकडचं तिकडे करत होती.

"त्या विचारून राह्यल्या, डोक्यावर ओझं घ्यायला कुठं शिकलीस?"

"सांग ना, नाटकात."

प्रज्ञानं सांगितलं. मग पुन्हा मला म्हणाली, "नाटक कशाबद्दल होतं?"

"मुलींच्या शिक्षणाबद्दल."

"पुढं काय होतं त्यात?"

"मुलगी शिकते. नोकरीला लागते."

"आणि लाकडांचं काय होतं?"

"लाकडं राहतात तिथंच," मी म्हटलं, आणि डब्याचं झाकण लावायला घेतलं. हेल्गाबाईंनी मान डोलावली. त्यांनी खोट्या साक्षी पुष्कळ ऐकल्या असतील. पुढं काही विचारलं नाही.

झऱ्याच्या वर वाट अरुंद झाली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उतार. डोक्यावरची मोळी ही सपाट रानातली विद्या आहे, हे मला तिथं कळलं. आमच्याकडे बाभळीची फांदी लांबूनच दिसते, माणूस वळसा घालून जातो. इथं मी पायाखाली बघत होते आणि एक आडवी फांदी बरोबर मोळीच्या उंचीवर आली. मोळीला दणका बसला, दोरी सुटली आणि सातच्या सात ओंडके गडगडत खाली. वळणावरून, दगडांवरून, खालच्या वाटेपर्यंत. मला काही लागलं नाही.

पण मी हलले नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून नुसती उभी राहिले. प्रज्ञा खाली पळायला निघाली होती, ती माझं तोंड बघून परत आली.

"मम्मी, लागलं का? बोल ना."

"न्हाई लागलं."

"मंग अशी का उभी हायेस? चल, उचलू ना."

मला वाकताच येईना. काय झालं होतं ते मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. हेल्गाबाईंनी प्रज्ञाला हातानं थांबवलं आणि दोन शब्द बोलल्या.

"राहू द्या म्हणतात," प्रज्ञा म्हणाली. "येतील वर."

लाकडं पायांनी चालत वर येणार आहेत का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी चुंबळ सोडली, ओढणी गळ्यात घातली आणि गुमान चालायला लागले.

वर

वर पोहोचलो तेव्हा दुपार होती. झाडं संपली आणि एकदम सगळं उघडं झालं. समोर डोंगरामागं डोंगर, शेवटच्या रांगेवर बर्फ, आणि खाली आम्ही सकाळी उतरलो ते स्टेशन तांदळाएवढं. मी बराच वेळ नुसती बघत बसले. माझ्या डोळ्यांना इतकं लांब बघायची सवय आहे, पण आमच्याकडे लांबवर सपाटच दिसतं. इतकी उंची मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझ्या पायांनी चढले होते.

लाकडाचं दुमजली घर, बाहेर बाकं, धुराड्यातून धूर. दारात दाढीवाला माणूस उभा होता, येणाऱ्याच्या हातून लाकूड घेत होता आणि आत न्यायला सांगत होता. हेल्गाबाईंनी तीन दिली. मी बाकावरच बसले.

"आत चल," प्रज्ञा म्हणाली. "सूप घेऊ."

"रिकाम्या हातानं न्हाई येत मी."

"मम्मी, इथं कोणी बघत न्हाई."

"मी बघून राह्यले ना."

आणि तेवढ्यात त्या दोन पोरी आल्या. त्यांच्याकडं आपापली लाकडं होतीच, एकीच्या काखेत अजून एक होतं. तिनं दाढीवाल्याला काहीतरी सांगून माझ्याकडे बोट केलं. मग एक तरणं जोडपं आलं, त्यांच्याकडे आपली सोडून अजून दोन. मग पाठीवर बाळ बांधलेला एक बाप, त्याच्या हातात एक. खाली वाटेवर पडलेलं लाकूड म्हणजे कोणाचं तरी वर न्यायचं राहिलेलं, एवढंच त्या लोकांना कळलं होतं. शेवटी एक बाई आली कुत्रा घेऊन, आणि कुत्र्याच्या तोंडात ओंडका. तो त्याला सोडायलाच तयार नव्हता. दाढीवाला, ती बाई आणि हेल्गाबाई, तिघं मिळून त्याची मनधरणी करत होते. मग दुसऱ्या हातानं त्या बाईनं पिशवीतून अजून एक काढला. सहा आले. सातव्याचा पत्ता लागला नाही.

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि मला ते थांबवता येईना. प्रज्ञा घाबरली. मी तिला बाकावर शेजारी बसवलं आणि सांगितलं.

"नाटक-बिटक काही न्हाई, बाळा. मी सरपण वेचायची. माझी माय आन् मी, रोज."

तिनं माझ्या ओढणीचा काठ हातात घेतला.

"अकरा वर्षांची होते. एका बांधावर वाळलेली बाभळीची फांदी पडल्ती, ती तोडून मोळीत बांधली. डोक्यावर घेऊन निघालो तर मालक आला. शिवी न्हाई दिली, काही न्हाई. हातातली काठी माझ्या मोळीत घातली आन् ढकलली. सगळी लाकडं मातीत. मी उचलायला वाकले तर म्हटला, उचलू नको, राहू दे तिथंच. माय त्याच्या पाया पडली. तरी न्हाई म्हटला. रिकाम्या हातानं आलो घरी. त्या रात्री चूल न्हाई पेटली. माय म्हटली, सुमे, आता शाळा सोडू नको आन् डोक्यावर काही घेऊ नको. तेव्हापासून न्हाई घेतलं. आज घेतलं."

प्रज्ञा तो काठ बोटाला गुंडाळत होती.

"तू मला एकदाच मारलंस," ती म्हणाली. "आठवतं? मी तिसरीत होते. शेजारच्यांची कडब्याची पेंढी डोक्यावर घेतली, खेळता खेळता. तू आलीस आन् थोबाडीत दिली. मला कळलंच न्हाई का ते. एवढं कळलं की मम्मीला हे बिलकुल चालत न्हाई."

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं.

मग तिनं फोन काढला. "मी पाच वर्षं झाली इथं येऊन राह्यले, मम्मी. दर उन्हाळ्यात. दर वेळेस लाकूड घेते. तुला एकपण फोटो न्हाई पाठवला. म्हटलं, तुला वाटेल, एवढं शिकवून पोरगी लाकडं वाहून राह्यली. सकाळी त्या राशीपाशी म्हणूनच तुला ओढत होते."

तिनं एकेक फोटो दाखवले. धुक्यात, उन्हात, पावसाळी कोट घालून. प्रत्येकात दोन्ही हातांत ओंडका धरलेला आणि तोंडभर हसू. माझ्या मायचा एकही फोटो नाही, कुठलाच. माझा पहिला फोटो डीएडच्या फॉर्मवरचा. आमच्या घरातल्या तीन बायकांनी सरपण वाहिलं, त्यातले हे तिसरीचे फोटो, आणि ती हसत होती. मी तो फोन किती वेळ हातात धरून बसले कोण जाणे. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

हेल्गाबाई तीन वाट्या सूप घेऊन आल्या. त्यात लिंबाएवढे पावाचे गोळे. आमच्या दोघींची तोंडं बघून त्यांनी वाट्या ठेवल्या आणि उभ्याच राहिल्या. प्रज्ञानं मला विचारलं, "सांगू?"

अठ्ठेचाळीस वर्षांत मी ही गोष्ट स्वतःशी बोलतानासुद्धा आवाज उतरवून बोलले होते. मी म्हटलं, "सांग."

तिनं सांगितलं. त्यांच्या भाषेत, नेहमीच्या आवाजात, हातवारे करत. शेजारच्या बाकावरचे लोक वळून ऐकायला लागले तरी तिचा आवाज खाली आला नाही. मला त्यातलं फक्त आष्टी कळलं. आष्टी आलं की ती माझ्याकडे बघायची. कुत्रावाल्या बाईनं चमचा खाली ठेवला होता.

हेल्गाबाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. त्या माणसानं मग त्या लाकडांचं काय केलं?

"काहीच न्हाई," मी म्हटलं. "तिथंच वाळवी लागली त्यांना. जाता-येता दिसायची."

त्यांनी मान हलवली, माझी वाटी माझ्याकडे सरकवली आणि स्वतः सूप प्यायला लागल्या. थोड्या वेळानं दाढीवाला आला. चूल बघायला बोलावत होता. आत गेलो. भिंतीत बांधलेली मोठी भट्टी, दार उघडं, आणि त्यात माझ्या सहांपैकी एक पेटलेला. त्यानं दुसरा माझ्या हातात दिला, मी तो आत सारला. पातेल्यात सूप उकळत होतं आणि बाहेर साठेक माणसं जेवत होती.

उतरताना गुडघ्यानं सगळा हिशेब वसूल केला. हेल्गाबाईंच्या दोन्ही काठ्या मी निमूटपणे मागून घेतल्या. पायथ्याला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी त्या राशीपाशी थांबले, चुंबळ केली, चार ओंडके डोक्यावर घेतले आणि प्रज्ञाला म्हटलं, "काढ माझा फोटो." तिनं काढला. मग ओंडके परत जागेवर रचून ठेवले.

आष्टी

तो फोटो आता पुढच्या खोलीत आहे, सत्काराच्या फोटोच्या शेजारी. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, "बाई, हे काय? परदेशात जाऊन लाकडं वाहिली का?" मी सांगते. पार बांधापासून सांगते. माझे विद्यार्थी असलेले बाप्येही ऐकून खाली बघतात, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतो की माझी मायसुद्धा जायची.

परवा त्या बांधावाल्यांच्या घरची सून आली होती. घर गावातच आहे, तो माणूस कधीच वारला, पुढची माणसं चांगली आहेत. मुलीला परदेशात पाठवायचं तर कागदपत्रं काय लागतात, ते विचारायला आली होती. कागदांचं सांगून झालं. चहा दिला. तिनं फोटोकडे पाहिलं आणि विचारलंच.

प्रज्ञाचे पप्पा आतून माझ्याकडे बघत होते. मी तिलाही सांगितलं, सगळं, कोणाचा बांध तेही. आवाज उतरवला नाही.

तिनं चहा गार होऊ दिला. मग उठली, फोटोपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हे आमच्या घरात कोणालाच माहीत न्हाई. मी सांगू का?"

मी म्हटलं, "सांग."